किल्लीपुरती मुलगी

९ फेब्रुवारी

अण्णा,

वडिलांना पत्र लिहिताना वर काय काय लिहायचं असतं ते शाळेत शिकवलं होतं. ते लिहायला हात धजला नाही, म्हणून नुसतं अण्णा.

तुम्ही फोनवर येत नाही म्हणून हे पत्र. तीन आठवड्यांत मी नऊ वेळा फोन केला आणि नऊही वेळा आई म्हणाली, ते आंघोळीला गेलेत. एखादा माणूस इतक्या आंघोळी करतो म्हणजे तो एकतर फार स्वच्छ असतो नाहीतर फार रागावलेला. आईला खोटं बोलायची सवय नाही, बिचारीला दुसरं कारण सुचतसुद्धा नाही.

मी नीट पोचले. खोली लहान आहे, टेबल खिडकीशी आहे, खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो. इथली भाषा वर्गात कळते, दुकानात कळत नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर इथलाच एक मुलगा काम करतो. तो इतका उंच आहे की वाकल्याशिवाय सूक्ष्मदर्शकाला डोळा लागत नाही. मी त्याला मनात लांब्या म्हणते. आमच्या अभ्यासक्रमात तिकडच्या एकाची इकडच्या एकाशी जोडी लावतात, तशी आमची लागली आहे.

आईला अजून वाटतं की दोन पदव्या मिळणार म्हणजे मी दोन वेगळ्या गोष्टी शिकते आहे. तिला समजावून सांगा. शिकणं एकच, मॉलिक्युलर बायोलॉजी. दीड वर्ष आपल्या विद्यापीठात झालं, दीड वर्ष इथे, आणि शेवटी दोन्ही देशांची विद्यापीठं आपापली पदवी देतात. अट एवढीच की दोघांचीही सही हवी. एकाने हरकत घेतली की दोन्ही पदव्या थांबतात.

इथे काचसामान धुवायला माणूस नाही, ज्याने त्याने आपलं धुवायचं. परवा मी चंचुपात्रं धुतली. तीनदा नळाच्या पाण्याने, तीनदा शुद्ध पाण्याने, मग उजेडात धरून बघितली. काचेवर थेंब थांबले तर तेलकटपणा राहिलाय, पाणी सलग पसरलं तर स्वच्छ. इथल्या लॅबची व्यवस्था बघणाऱ्या बाईंनी विचारलं, हे कुठे शिकलीस? मी म्हटलं, आमच्या लॅबमध्ये शिकवतात.

फ्रीजरचं जे झालं ते फार वाईट झालं. सव्वीस वर्षं लॅब सांभाळणाऱ्या माणसाला एका उघड्या दारापायी विद्यापीठाच्या फाटकावर राखणीला नेऊन बसवायचं, हे काही बरोबर नाही. दार कुणाच्याही हातून उघडं राहू शकतं. मॅडमनी जरा सबुरीने घ्यायला हवं होतं. असो. थोड्या दिवसांनी त्यांचा राग निवळेल आणि तुम्हाला परत बोलावतील, बघा तुम्ही.

गुडघ्याला तेल लावत जा.

२ एप्रिल

अण्णा,

पत्र पोचल्याचं आईने सांगितलं. तुम्ही ते वाचलंत की नाही, हे ती सांगत नाही.

त्यात मी एक गोष्ट सारवून लिहिली होती. चंचुपात्रं धुवायला कुठे शिकलीस असं बाईंनी विचारलं तेव्हा मी म्हणाले होते, आमच्याकडे एक मामा होते, त्यांनी शिकवलं. इथे मला ओळखणारं कुणी नाही. कुणापासून लपवायचं कारण नाही. तरी तोंडातून मामाच आलं. आणि वर ‘होते’.

मामा म्हणायची कल्पना तुमचीच होती, हे आपण दोघांनी लक्षात ठेवायला हवं. बारा जागा होत्या आणि मुलाखत घेणाऱ्या मॅडमच्याच हाताखाली तुम्ही कामाला होतात. यादी लागली त्या दिवशी तुम्ही मला बसवून म्हणालात, ‘लॅबमध्ये मला सगळे मामा म्हणतात. तूही मामाच म्हण. बापाने पोरीला मागच्या दाराने घुसवली असं कुणी म्हणायला नको.’ आईला हसू आवरेना. ती म्हणाली, म्हणजे मी आता हिची मामी का? पुढचा आठवडाभर ती मला भाचीबाई जेवायला या म्हणत होती.

पहिले काही दिवस मलाही गंमत वाटायची. सकाळी घरून आपण एकत्र निघायचो, चौकात वेगळे व्हायचो आणि दहा मिनिटांनी लॅबमध्ये मी म्हणायची, मामा, परीक्षानळ्या द्या ना. तुम्ही म्हणायचात, ‘मोजून घे, मोजून दे.’ तोंडावरची रेषही हलायची नाही तुमची. तुमचं आडनाव काय, हे त्या लॅबमध्ये कधी कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे कुणाला शंका यायचा प्रश्नच नव्हता.

मग गंमत कधी संपली आणि सोय कधी सुरू झाली, ते मला सांगता यायचं नाही. वर्गातल्या कुणाची आई डॉक्टर, कुणाचे वडील इंजिनियर. मला कुणी विचारलं की मी म्हणायची, वडील विद्यापीठात आहेत. हे खोटं नव्हतंच. ऐकणारा आपल्या मनाने प्राध्यापक समजायचा आणि मी मूग गिळून बसायची.

एक दिवस सगळेजण तुमची नक्कल करत होते. मोजून घे, मोजून दे. मीही केली. सगळ्यात छान माझीच झाली, कारण मला घरचा सराव होता. सगळे पोट धरून हसले. तुम्ही तेव्हा शेजारी धुण्याच्या खोलीत होतात की नाही, हे मी बघितलं नाही. बघितलं असतं तर कळलं असतं.

तुम्ही होतात का, अण्णा?

२० जुलै

अण्णा,

आई म्हणाली की फाटकावरची बदली आता कायमची झाली आहे. लॅबमध्ये नवा माणूस घेतला. हे तिने असं सांगितलं जणू दूधवाला बदलला. मागे तुमचा खोकल्याचा आवाज येत होता. म्हणजे आंघोळ नव्हती.

आज इथे मला मोठ्या फ्रीजरची किल्ली मिळाली. उणे ऐंशीचा. किल्ली देण्याआधी बाईंनी दार लावायला शिकवलं. दाराच्या फटीत कागदाचा कपटा धरायचा, दार लावायचं, मग कपटा ओढायचा. सहज निघाला तर दार लागलेलं नाही, रबरावर बर्फ साचलाय, तो खरवडायचा. दर शनिवारी तुम्ही हेच करायचात. मी दीड वर्ष बघत होते आणि मला वाटायचं, मामांची काहीतरी आपली खोड आहे.

बाई म्हणाल्या, आता तू करून दाखव. माझ्या हातून कपटा खाली पडला. लांब्याने उचलून दिला.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की दार कुणाच्याही हातून उघडं राहू शकतं. ते माझ्या हातून राहिलं. तुम्हाला हे माहीत आहे. पण मी ते तुम्हाला कधी सांगितलं नाही, म्हणून आता सांगते.

वर्षअखेरची तीन दिवसांची सुट्टी होती. इथे पाठवायच्या माझ्या नळ्यांची यादी सुट्टी संपताच द्यायची होती आणि मी ती केलेली नव्हती, कारण आदल्या आठवड्यात मी मैत्रिणींबरोबर हुंदडत होते. मधल्या दिवशी दुपारी तुम्ही पेपर तोंडावर घेऊन आडवे झाला होतात. मी खुंटीवरचा तुमचा जुडगा काढला. मागच्या दाराची आणि फ्रीजरची, दोन्ही किल्ल्या त्यातच. लॅबमध्ये कुणी नव्हतं. मी फ्रीजर उघडून नळ्या मोजत बसले. दार फार वेळ उघडं राहिलं म्हणून तो ओरडायला लागला, तर मी त्याचा आवाज बंद करून टाकला. एक्केचाळीस नळ्या मोजल्या, यादी केली, कमरेने ढकलून दार लावलं आणि घरी आले. तुम्ही विचारलंत, कुठे गेली होतीस? मी म्हटलं, मैत्रिणीकडे.

दार लागलं नव्हतं. आवाज बंद, त्यामुळे ओरडायलाही कुणी नाही. सुट्टीनंतर तुम्ही लॅब उघडलीत तेव्हा फरशीवर पाणी होतं. मॅडमनी अकरा वर्षांत जमवलेले रक्ताचे नमुने, एकच आजार पिढ्यान्‌पिढ्या सोसणाऱ्या घरांमधले. डीएनए चिवट असतो, उन्हातान्हात टिकतो. पण त्यांना हवा होता आरएनए, आणि तो उबेत तासाभरात तुटायला लागतो. रक्त देणाऱ्यांपैकी कितीतरी माणसं आता राहिलेली नाहीत. त्यांच्याकडे पुन्हा जाता येत नाही.

तुम्हाला कसं कळलं तेही मला माहीत आहे. त्या सकाळी निघताना तुम्ही विचारलंत, जुडगा उलटा कुणी लावला? तुम्ही किल्ल्यांचे दात भिंतीकडे करून लावता. आई म्हणाली, मी नाही. मी काहीच म्हणाले नाही. संध्याकाळी तुम्ही घरी आलात, चपला काढल्यात, माझ्याकडे बघितलंत आणि आईला चहा टाक म्हणालात.

त्या किल्लीसाठी वर्गातल्या बाकी अकरा जणांना अर्ज करावा लागायचा, मॅडमची सही घ्यावी लागायची. मी आपल्या घरी आले आणि आपल्या खुंटीला हात घातला. लॅबमध्ये मी तुम्हाला मामा म्हणत होते. किल्लीपुरती मात्र मी तुमची मुलगी होते.

तुम्ही सगळं स्वतःवर घेतलंत, नाहीतर माझं इथे येणं तिथेच संपलं असतं. याचे आभार कसे मानायचे मला कळत नाही.

१४ नोव्हेंबर

अण्णा,

चार महिने मी लिहिलं नाही. अभ्यास होता हे खरं, पण त्याचं निमित्त पुढे करत नाही. आभाराचं ते शेवटचं वाक्य लिहिल्यापासून मला माझी लाज वाटते आहे.

तुमचा राग दारामुळे नाहीच. दाराचं तुम्ही त्याच संध्याकाळी, चहा टाक म्हणालात तेव्हाच मिटवलं होतं. तुम्ही माझ्याशी बोलायचं थांबलात ते चौकशीच्या दिवसापासून. मी तीन पत्रांत चौकशीचं नाव काढलं नाही.

मॅडम आणि आणखी दोघे टेबलाशी होते. आम्हाला एकेकाला आत बोलावत होते. फ्रीजरचं रजिस्टर घेऊन तुम्ही दाराशी उभे होतात, तुम्हाला कुणी बसा म्हणालं नव्हतं. माझ्याआधीच तुम्ही सांगून टाकलं होतंत की सुट्टीत मीच आलो होतो, दार माझ्या हातून राहिलं असणार. मॅडमनी मला एवढंच विचारलं की शेवटच्या महिन्यात फ्रीजरवर सगळ्यात जास्त काम तुझं होतं, तुझ्या काही लक्षात आलं का?

नाही म्हटलं असतं तरी भागलं असतं. तुम्ही माझी सुटका आधीच करून ठेवली होतीत. पण मला वाटलं, त्या माझ्याकडे रोखून बघताहेत. मी म्हणाले, ‘मामांचं वय झालंय, मॅडम. हल्ली बऱ्याचदा दार तसंच राहतं त्यांच्या हातून. दोनतीनदा मीच लावलंय.’

असं एकदाही झालेलं नव्हतं, अण्णा. सव्वीस वर्षांत एकदाही नाही.

मॅडमनी तुमच्याकडे बघितलं आणि विचारलं, ही म्हणते ते खरं आहे का? तुम्ही रजिस्टर टेबलावर ठेवलंत. म्हणालात, ‘बरोबर आहे.’

एका दिवसाची चूक तुम्ही खुशीने पत्करली होती. मी तुमच्या हातांवरच ठपका ठेवला. एका चुकीपायी त्यांनी तुम्हाला ताकीद देऊन सोडलं असतं. वय झालंय, दारं उघडी टाकतो, अशा माणसाला लॅबमध्ये कोण ठेवेल? तुम्हाला फाटकावर मॅडमनी बसवलं नाही. मी बसवलं.

मी मॅडमना लिहिणार आहे. सगळं. मग माझ्या दोन्ही पदव्या गेल्या तरी चालतील.

३ मार्च

अण्णा,

काल तुम्ही स्वतः फोन केलात. चौदा महिन्यांनी. मी नळ्या बर्फात खुपसून तशीच बाहेर पळाले.

मॅडमचं उत्तर आदल्या दिवशीच आलं होतं. मी त्यांना पाच पानं लिहिली होती, किल्ली, यादी, चौकशीत मी काय खोटं बोलले, सगळं. आणि तुम्ही माझे वडील आहात हेही, कारण त्याशिवाय किल्ली माझ्याकडे कशी आली ते सांगताच येत नव्हतं. त्यांनी तुम्हाला बोलावून विचारलं. तुम्ही म्हणालात की चौकशीत तुम्ही जे सांगितलं तेच खरं, पोरगी हळवी आहे, बापाची नोकरी परत मिळावी म्हणून स्वतःवर घेते आहे.

झालं. मॅडमनी मला सौम्यपणे कळवलं आहे की मुलीला वडिलांविषयी असं वाटणं त्या समजू शकतात, पण अशा खोट्या कबुल्या पुन्हा पाठवू नयेत. मी तुमची मुलगी नाही असं सगळे समजत होते तेव्हा माझं खोटं खरं ठरलं. मुलगी आहे हे कळलं आणि माझं खरं खोटं पडलं.

तुमचा आवाज बारीक झाला आहे. तुम्ही विचारलंत, अभ्यास कसा आहे? मी म्हटलं, बरा आहे. मग तुम्ही म्हणालात, मॅडमना पुन्हा लिहू नकोस.

‘पण मी खरं तेच लिहिलं, अण्णा.’

‘त्या दिवशी तू जे बोललीस त्याला मी सगळ्यांसमोर बरोबर म्हटलंय. आता मला खोटं पाडू नकोस.’

मग तुम्ही म्हणालात, आईला देतो. मी आईशी काय बोलले ते मला आठवत नाही. परत आले तेव्हा लांब्या माझ्या नळ्यांवर नवा बर्फ घालत होता.

२७ मे

अण्णा,

तुम्ही सांगितलंत ते मी ऐकलं नाही. काम होऊनही गेलं आहे, म्हणून आधीच सांगते.

आमच्या लॅबच्या वहीचा नियम तुम्हाला माहीत आहे. पानांवर छापील आकडे, पान फाडायचं नाही, चुकलं तर एक रेघ मारून पुढे जायचं. त्या दुपारी फ्रीजरसमोर बसून मी यादी वहीतच केली होती. हाताला वळण पडलं होतं म्हणून वर तारीख, वेळ आणि तापमान लिहिलं. उघडताना उणे एकोणऐंशी, लावताना उणे बावन्न. चौकशीच्या आदल्या दिवशी ते पान फाडता येईना, तेव्हा त्यावर मी दुसरा कागद डिंकाने चिकटवला आणि पुढची तारीख घालून यादी पुन्हा लिहिली. मॅडमना ती पाच पानं लिहिली तेव्हासुद्धा या पानाबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. कबुली द्यायची होती, पण पुरावा द्यायचा नव्हता. म्हणजे कुठेतरी मला वाटत होतं की त्यांनी विश्वास ठेवू नये. हे लिहितानाही मला माझी किळस येते.

तुमच्या फोननंतर वही महिनाभर खणात होती. मी रोज स्वतःला सांगायची की अण्णांनीच नको म्हटलंय, आता वडिलांचा शब्द मोडायचा का? इतकं सोयीचं आज्ञाधारकपण मला आयुष्यात कधी सुचलं नव्हतं.

मग आईशी बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेलं की तुम्ही भिंतीवर दोन खिळे ठोकून ठेवले आहेत. शेजारी शेजारी, पट्टीने मोजून. तिकडची पदवी डावीकडे, इकडची उजवीकडे. ती हसत सांगत होती. मी फोन ठेवला आणि खणातून वही काढली. तुम्ही रोज संध्याकाळी फाटकावरून येऊन त्या खिळ्यांकडे बघत असाल आणि मनात म्हणत असाल, चला, एवढ्यासाठी बरं. अण्णा, मला नाही ते जमणार. त्या खिळ्यांवर तुमचे हात टांगलेले दिसतील मला.

वही घेऊन मी माझं काम बघणाऱ्या इथल्या सरांकडे गेले. किटलीच्या वाफेवर धरून चिकटवलेला कागद सोडवला, लांब्याने कोपरे धरले. खालचं पान जसंच्या तसं निघालं. सरांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, हे मी तुमच्या विद्यापीठाला पाठवलं तर तू काय गमावशील ते तुला माहीत आहे ना? मी हो म्हटलं. मग मी खाली बसून रडले, तेव्हा त्यांनी खिडकी उघडली आणि माझं रडून होईपर्यंत बाहेर बघत उभे राहिले.

आपल्या विद्यापीठाने हरकत घेतली आहे. करारात आहे तसं दोन्हीकडचं थांबलं. पुढच्या महिन्यात तिकडे सुनावणी आहे. सर म्हणतात, फार आशा ठेवू नकोस. मॅडमनी लिहिलं आहे की तुमची बदली रद्द करण्यावर त्यांनी सही केली आहे आणि त्या स्वतः येऊन तुमच्याशी बोलणार आहेत. तुम्ही पुन्हा नाही म्हणाल, हे मला माहीत आहे. पण आता माझ्या अक्षरातलं पान त्यांच्यापुढे आहे. त्यांचे नमुने मात्र कुणाच्याच सहीने परत येणार नाहीत.

मी तुम्हाला खोटं पाडलं. त्या लॅबमध्ये सव्वीस वर्षांत तुम्ही खोटं बोललात ते फक्त माझ्यापायी. तेवढं मी परत घेते. तुम्ही यासाठी मला क्षमा कराल असं वाटत नाही. तुम्हाला तुमच्या नावापेक्षा त्या दोन पदव्या जास्त हव्या होत्या. मला उलट हवं होतं, पण ते कळायला फार उशीर झाला.

सुनावणी चोवीस तारखेला, सकाळी अकराला. लॅबमध्ये जायचं तुम्ही मान्य केलं नसेल, तर तेव्हा फाटकावर तुम्हीच असाल. माझं ओळखपत्र निकाल लागेपर्यंत बंद केलं आहे, त्यामुळे मला बाहेरच्या माणसासारखं रजिस्टरमध्ये लिहूनच आत जावं लागेल. ओळखपत्र नसलेल्याला तिथे आतल्या एखाद्या कर्मचाऱ्याचं नाव द्यावं लागतं आणि पुढच्या रकान्यात त्याच्याशी नातं. मी ते दोन्ही रकाने भरीन. मागे रांग असेल, आमच्या वर्गातलेही कुणी कुणी असतील.

तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल. जे लिहिलंय ते वाचा, शेजारी नेहमीसारखी सही करा आणि मला आत सोडा.